सीमाभागातून सीईटी प्रवेश: मार्क असूनही जागा का जाते

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मुलं बारावीनंतर कर्नाटकाची केसीईटी आणि महाराष्ट्राची एमएचटी-सीईटी अशा इंजिनिअरिंग, फार्मसीसारख्या कोर्सच्या दोन्ही प्रवेश परीक्षा देतात. अर्ज भरणं, फी, फोटो अपलोड करणं हे सायबर कॅफेवाला अर्ध्या तासात करून देतो. अडतं ते कागदांवर, आणि जागा मिळाल्यानंतरच्या चार दिवसांत.

आधी महाराष्ट्राचं बघू. शाळा कर्नाटकातली म्हणून अनेकजण अर्जात थेट 'महाराष्ट्राबाहेरील उमेदवार' निवडतात आणि राज्याच्या कोट्यातून बाहेर पडतात. आपल्यासाठी 'ई' प्रकार आहे. दहावी किंवा बारावी वादग्रस्त सीमाभागातल्या मान्यताप्राप्त संस्थेतून झालेली हवी आणि मातृभाषा मराठी हवी. म्हणजे दहावी खानापूरला आणि पीयूसी (बारावी) धारवाडला झाली असली तरी अडचण नाही. आपलं गाव महाराष्ट्रानं हक्क सांगितलेल्या ८६५ गावांच्या यादीत आहे का, ते मात्र आधी पाहून घ्या.

यासाठी दोन दाखले लागतात: सीमाभागाचा आणि मातृभाषेचा. माहितीपुस्तिकेत त्यांचे नमुने जी-१ आणि जी-२ या नावांनी दिलेले असतात. ते कुणाच्याच घरी तयार नसतात. हेडमास्तर आपल्या भाषेत, आपल्या लेटरहेडवर चांगलं पत्र देतात, पण मजकूर नमुन्याप्रमाणे नसेल तर ते उपयोगी पडत नाही. म्हणून नमुना छापूनच घेऊन जा. जाण्याआधी शाळेच्या रजिस्टरात मातृभाषा काय लिहिली आहे ते पाहा. इंग्रजी शाळेत नाव घालताना तो रकाना कुणी बघत नाही, आणि तिथे मराठीऐवजी दुसरं काही पडलेलं असेल तर दुरुस्तीला दिवस जातात. हे काम बारावीच्या परीक्षेआधी उरकलेलं बरं. एप्रिल-मेमध्ये शाळा बंद असतात, सही कोण करणार?

कर्नाटकात बहुतेकजण 'ए' क्लॉजखाली पात्र ठरतात: पहिली ते बारावीत किमान ७ वर्षं कर्नाटकातल्या शाळेत, आणि एसएसएलसी (दहावी) किंवा पीयूसी इथून पास. चंदगड-गडहिंग्लजला मामाकडे राहून शिकलेल्यांनी वर्षं नीट मोजावीत. अभ्यास दाखल्यावर इयत्ता, वर्ष आणि शाळा ओळीनं हवी आणि बीईओची (गटशिक्षणाधिकाऱ्यांची) प्रतिसही हवी.

सगळ्यात जास्त निराशा होते ती ग्रामीण कोट्यात. राहणं खेड्यात आहे, एवढ्यानं तो मिळत नाही. पहिली ते दहावी अशी पूर्ण १० वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली लागतात. आठवीपासून बसनं बेळगावच्या हायस्कूलला गेलेलं मूल त्यात बसत नाही. दहाच्या दहा वर्षं गावात झाली असतील तर शाळा मराठी माध्यमाची असली तरी हक्क आहे, तो सोडू नका. कन्नड माध्यमाचा कोटा वेगळा, त्यावर खूण करू नका. राज्यघटनेच्या ३७१-जे कलमाचा (कल्याण कर्नाटकासाठीच्या आरक्षणाचा) फायदाही बेळगाव जिल्ह्याला नाही, बीदरला आहे.

जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून) काढलेला, आरडी नंबर (दाखल्याचा सरकारी क्रमांक) असलेला हवा. दाखल्यावरचं नाव आणि एसएसएलसीचं नाव अक्षरागणिक जुळवा. मराठा समाजाचा '३ब' हा मागास प्रवर्ग कर्नाटकापुरताच आहे. महाराष्ट्राच्या अर्जात तो चालत नाही.

आता निकाल. केसीईटीत पहिल्यांदा लागते ती मॉक (नमुन्याची) यादी. ती पाहून पेढे वाटू नका आणि रडूही नका. ती ऑप्शनचा, म्हणजे भरलेल्या कॉलेज-कोर्सच्या पसंतीचा क्रम सुधारण्यासाठीच असते. खरी जागा मिळाल्यावर चारपैकी एक चॉईस द्यावा लागतो. चॉईस १ म्हणजे जागा मान्य. फी भरून कॉलेजात हजर व्हायचं. चॉईस २ म्हणजे जागा धरून ठेवून वरच्या ऑप्शनसाठी पुढच्या फेरीत जायचं. वरची जागा मिळाली की आधीची आपोआप रद्द होते, मग 'पहिलीच बरी होती' म्हणून परत मिळत नाही. त्यामुळे जिथे खरंच जायचं नाही असं कॉलेज यादीत वर ठेवू नका. चॉईस ३ मध्ये हातातली जागा सुटते. पुढच्या फेरीत काही मिळेलच असं नाही, आणि २ समजून ३ दाबणारी मुलं दरवर्षी असतात. चॉईस ४ म्हणजे प्रक्रियेतूनच बाहेर.

चॉईसची, फी भरण्याची आणि कॉलेजात हजर होण्याची शेवटची तारीख वेगवेगळी असते. फी भरली म्हणजे प्रवेश झाला असं समजून घरी बसू नका, बाळांनो. पावती हातात असूनही जागा जाते.

जागा नाहीच मिळाली तर त्याच रात्री मॅनेजमेंट कोट्याचा चेक फाडू नये. पुढच्या फेरीची सूचना येईपर्यंत थांबा, आणि महाराष्ट्राची यादी बाकी असेल तर तीही पाहा. इथल्या कॉलेजात टीसी आणि मूळ मार्कशीट जमा करण्याआधी सगळ्याचं स्कॅनिंग करा, साक्षांकित प्रतींचे दोन संच ठेवा, आणि प्रवेश रद्द केल्यास कागद किती दिवसांत परत मिळतील हे ऑफिसातून लेखी घ्या. कोल्हापूरच्या कॉलेजात नाव लागलं की तिथे मूळ कागद दाखवायला मोजकेच दिवस असतात.