सेन्सॉरने अडवलेले सिनेमे आणि त्यांची पोस्टर्स

मुंबईच्या चोर बाजारात, मटण स्ट्रीटवर जुनं पोस्टर उलगडून दाखवताना 'या सिनेमावर बंदी आली होती' असं विक्रेता म्हणाला, की भाव लगेच चढतो. गेल्या काही वर्षांत ऑनलाइन लिलावांतही हेच दिसतं. बंदी कोणी घातली, कशासाठी घातली, हे मात्र फार थोडे जण विचारतात. खरं तर त्या कागदाचं मोल तिथेच आहे.

सिनेमॅटोग्राफ कायदा १९१८ साली झाला आणि १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून इथे सेन्सॉर मंडळं नेमली गेली. मुंबईच्या मंडळाचे अध्यक्ष होते खुद्द पोलीस आयुक्त. सरकारला धास्ती कशाची होती, ते एवढ्यावरून कळतं. पडद्यावरच्या चुंबनाची चिंता सरकारला होतीच, पण त्याहून जास्त धास्ती होती गांधीटोपीची. १९२१ साली कोहिनूर फिल्म कंपनीचा 'भक्त विदुर' आला. कथा महाभारतातली, पण निर्माते द्वारकादास संपत स्वतः विदुर झाले होते आणि तो विदुर खादीत, डोक्यावर टोपी घालून वावरत होता. असहकाराच्या ऐन धामधुमीत हे रूप कोणाचं आहे, हे प्रेक्षकाला सांगावं लागलं नाही. ते सरकारलाही कळलं आणि कराची व मद्रासमध्ये चित्रपटावर बंदी आली.

कोल्हापुरात याच सुमारास बाबुराव पेंटर काम करत होते. सिनेमात येण्याआधी ते आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. त्यामुळे लांबून दिसेल, गर्दीला थांबवेल असं चित्र कसं काढायचं, हे त्यांना शिकवावं लागलं नाही. पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा पहिला चित्रपट 'सैरंध्री' १९२० साली पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला, की त्या दृश्याला कात्री लागली. भारतीय चित्रपटाचं आज उपलब्ध असलेलं सर्वांत जुनं सचित्र पोस्टर मानलं जातं, तेही याच कंपनीचं आहे, १९२४ च्या 'कल्याण खजिना'चं. पोस्टरचा इतिहास सांगताना मुंबईआधी कोल्हापूरचं नाव घ्यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

पेंटरांच्या हाताखाली तयार झालेल्या मंडळींनी १९२९ साली कोल्हापुरातच 'प्रभात' फिल्म कंपनी उभी केली. शिवाजी महाराजांवरच्या त्यांच्या मूकपटाचं नाव आधी 'स्वराज्याचं तोरण' होतं आणि महाराजांची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. मिठाचा सत्याग्रह नुकताच देशभर पेटलेला. अशा वेळी 'स्वराज्य' हा शब्द गावोगावच्या भिंतींवर लागणार, हे सरकारला कसं चालावं? चित्रपटाला काटछाट सोसावी लागली आणि अखेर तो 'उदयकाल' या नावाने लागला. पुढे १९३५ साली असंच पुन्हा घडलं. बालगंधर्वांनी संत एकनाथांची भूमिका केलेला, अस्पृश्यतेविरुद्ध उघड बोलणारा 'महात्मा' नाव बदलून 'धर्मात्मा' म्हणून प्रदर्शित झाला. त्याच्या आदल्या वर्षी मुन्शी प्रेमचंदांनी लिहिलेल्या 'मिल' ऊर्फ 'मजदूर'ला मुंबईत परवानगी मिळाली नव्हती. गिरण्यांच्या शहरात संपाची गोष्ट दाखवायला सरकार तयार नव्हतं.

नाव बदललं की आधी छापलेला प्रत्येक कागद कुचकामी ठरणार. म्हणून मूळ नाव असलेली जाहिरात, पुस्तिका किंवा पोस्टर कुठे हाती लागलं, तर तो कागद केवळ सुंदर चित्र उरत नाही, सरकारने काय पुसलं याचा तो पुरावा असतो. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट बनले आणि त्यांतले जेमतेम तीसेक, तेही बरेचसे तुकड्यांत, शिल्लक आहेत. बाकीच्यांची ओळख कागदावरूनच पटवायची. तो कागदही टिकण्यासाठी बनलेला नव्हता. खळ लावून भिंतीवर चिकटवायचा, पुढच्या सिनेमाच्या वेळी त्यावर दुसरा. उरलेले गठ्ठे रद्दीत गेले, नाहीतर वाळवीने आणि पावसाळी ओलीने खाल्ले.

त्या काळची रंगीत पोस्टर्स शिळाछापावर निघायची. चित्रकार दगडावर किंवा जस्ताच्या पत्र्यावर तेलकट खडूने चित्र उतरवी आणि प्रत्येक रंगासाठी वेगळा छाप घ्यावा लागे. देवादिकांच्या तसबिरी छापून हे तंत्र आपल्याकडे आधीच मुरलं होतं, पुण्याच्या चित्रशाळा छापखान्यात आणि रविवर्मा प्रेसमध्ये. दादासाहेब फाळक्यांनीही चित्रपटाआधी रविवर्मा प्रेससाठी काम केलं होतं. पौराणिक चित्रपटांच्या पोस्टरवरचे देव घरातल्या तसबिरीतल्या देवांसारखे दिसतात, ते यामुळेच.

आजच्या संग्राहकाला ही छपाईच उपयोगी पडते. चांगलं भिंग घेऊन चेहऱ्याच्या सावलीवर धरा. शिळाछापात खडूचा ओबडधोबड, अनियमित कण दिसतो, तर नव्या ऑफसेट नकलेत एकसारख्या ठिपक्यांची जाळी दिसते. मूकपट बोलपटांच्या लाटेनंतर फारसे पुन्हा लागलेच नाहीत, त्यामुळे गुळगुळीत कागदावर ठिपक्यांत छापलेलं मूकपटाचं पोस्टर 'दुसऱ्या प्रदर्शनाचं' म्हणून कोणी विकत असेल, तर तिथे खुशाल हात आखडता घ्यावा. मग नजर तळाच्या बारीक ओळीकडे न्यावी. १८६७ च्या छापखाना कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचं नाव आणि ठिकाण देणं सक्तीचं केलं होतं. आक्षेपार्ह मजकूर कोणी छापला हे सरकारला शोधता यावं, हा त्यामागचा हेतू. आज त्याच ओळीवरून पोस्टर कोणत्या गावात, कोणत्या छापखान्यात निघालं ते कळतं. फ्रेमवाले नेमकी ही कड कापून टाकतात, तेव्हा जीव हळहळतो. लॅमिनेशनचंही तसंच. एकदा प्लॅस्टिक चिकटलं की कागद सुटत नाही आणि मागची बाजू, तिथला थिएटरचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेली तारीख, सगळं झाकलं जातं.

पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि ते उभं करणाऱ्या पी. के. नायर यांनी रिळांबरोबर पोस्टर्स, छायाचित्रं, गाण्यांच्या पुस्तिकाही जमवल्या. तरी पुष्कळ कागद खासगी घरांत आणि जुन्या थिएटरमालकांच्या माळ्यांवर पडलेला असणार. त्यात आता कायद्याचाही प्रश्न आला आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकृती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. 'सैरंध्री', 'भक्त विदुर' यांच्या काळाने ती शंभरी ओलांडली आहे. भित्तिपत्रकाला कलाकृती मानायचं की जाहिरातीचा कागद, यावर या पोस्टर्सचं पुढचं ठिकाण ठरेल, आणि परदेशी लिलावांतले आकडे पाहता हा निर्णय फार लांबवून चालणार नाही.