मार्लीच्या आधीचा डेकर

रेगे, म्हणजे जमैका बेटावरचं संगीत, म्हटलं की आपल्याकडे एकच चेहरा डोळ्यांसमोर येतो, बॉब मार्लीचा. गोव्याच्या शॅकमध्ये, कॉलेजच्या पोरांच्या टी-शर्टवर, सगळीकडे तोच. पण मार्लीला जमैकाबाहेर ओळख मिळवून देणारा ‘कॅच अ फायर’ हा अल्बम आला १९७३ मध्ये. त्याच्या चार वर्षं आधी, एप्रिल १९६९ मध्ये, जमैकाची राजधानी किंग्स्टनच्या स्टुडिओत घडलेलं एक गाणं ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलं होतं. ‘इस्रायलाइट्स’ हे ते गाणं आणि डेस्मंड डेकर हा गायक. रेगेच्या इतिहासात त्याचं नाव तळटीपेत टाकलं जातं, हे मला फार खटकतं.

डेकरचं जन्मनाव डेस्मंड अ‍ॅडॉल्फस डेकर्स. जन्म १६ जुलै १९४१, किंग्स्टन परिसरातला. लहानपणी आजी आणि आत्याबरोबर तो नेमाने चर्चमध्ये जायचा, आणि प्रार्थनेची गाणी गाताना त्याचा आवाज तयार झाला. ऐन किशोरवयात आई आजारपणात गेली. सेंट थॉमस परगण्यात काही काळ त्याने शिवणकाम शिकायचा प्रयत्न केला, मग पुन्हा किंग्स्टनला येऊन वेल्डिंगच्या कामाला लागला. काम करता करता गायचा. सोबतचे कामगार म्हणायचे, इथे काय करतोस, जाऊन कुणाला तरी ऐकव.

तेव्हाचं किंग्स्टन समजून घेतल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. जमैका ६ ऑगस्ट १९६२ ला स्वतंत्र झाला, पण त्याच्या आधीच तिथल्या वस्त्यांमध्ये स्वतःचं संगीत उभं राहत होतं. घरोघरी ग्रामोफोन परवडणारे नव्हते. त्यामुळे ट्रकवर लादून आणलेले अवाढव्य स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर आणि रेकॉर्डचा ढीग लावून उघड्यावर नाच व्हायचे. यालाच साउंड सिस्टिम म्हणत. आधी अमेरिकेतून आणलेल्या रिदम अँड ब्लूजच्या रेकॉर्ड वाजायच्या. पुढे तिकडची आवड रॉक अँड रोलकडे वळली आणि हवा तसा माल मिळेना, तेव्हा साउंड सिस्टिमच्या मालकांनी स्थानिक वादकांना घेऊन स्वतःच रेकॉर्ड काढायला सुरुवात केली. कॉक्सन डॉड आणि ड्यूक रीड ही त्यातली दोन मोठी नावं. १९६१ मध्ये डेकर या दोघांकडेही गेला. दोघांनीही त्याला घेतलं नाही.

तिसरं दार लेस्ली काँगचं. काँग चिनी वंशाचा जमैकन. त्याच्या कुटुंबाचं ऑरेंज स्ट्रीटवर ‘बेव्हर्लीज’ नावाचं दुकान होतं, तिथे आइस्क्रीमही मिळायचं आणि रेकॉर्डही. कोवळ्या वयाच्या जिमी क्लिफ या गायकाने त्याला गाणं ऐकवून रेकॉर्डच्या धंद्यात ओढलं होतं. डेकरला काँगने घेतलं खरं, पण रेकॉर्डिंगसाठी दोन वर्षं थांबवलं. योग्य गाणं येईपर्यंत नाही, असं त्याचं म्हणणं. अखेर १९६३ मध्ये आईवडिलांचा मान राखा असं सांगणारं त्याचं पहिलं गाणं, ‘ऑनर युवर मदर अँड फादर’, आलं आणि जमैकात गाजलं. त्या वाट पाहण्याच्या काळातच डेकरने आपल्याबरोबर वेल्डिंग करणाऱ्या एका पोराला बेव्हर्लीजमध्ये नेलं. तो पोरगा बॉब मार्ली. १९६२ चं मार्लीचं पहिलं रेकॉर्ड काँगनेच काढलं.

सुरुवातीची डेकरची गाणी स्का प्रकारातली. आपल्या कानांना समेची सवय असते, सगळं तिच्यावर येऊन टेकतं. स्कामध्ये चार मात्रा मोजत गेलो तर गिटार आणि पियानोचे ठोके दोन मात्रांच्या मधल्या जागेत पडतात, त्यामुळे अंग आपोआप उसळतं. १९६६ च्या सुमारास ही लय जवळजवळ निम्म्यावर आली. त्याला रॉकस्टेडी म्हणू लागले. लय संथ झाली तशी बासला, म्हणजे खालच्या, खर्जातल्या सुरांच्या गिटारला, मोकळी जागा मिळाली आणि गाण्याचा भार तिच्यावर गेला. मग आलं रेगे. त्यातल्या प्रसिद्ध ‘वन ड्रॉप’ ठेक्यात ड्रम पहिली मात्रा, म्हणजे आपण जिथे समेची वाट पाहतो नेमकी तीच, रिकामी सोडतो आणि वजन तिसऱ्या मात्रेवर टाकतो. या संगीताला रेगे हे नाव मिळवून देणारं टूट्स आणि मेटल्स या गायकगटाचं १९६८ चं गाणंही काँगनेच काढलेलं. एका आइस्क्रीमच्या दुकानातून केवढं काय बाहेर पडलं!

लय बदलली तसा विषयही बदलला. स्वातंत्र्याचा उत्साह ओसरला होता, पश्चिम किंग्स्टनच्या वस्त्यांतल्या तरुणांना काम नव्हतं. ‘रूड बॉय’ म्हणून ओळखली जाणारी ही पोरं हॉलिवूडचे सिनेमे बघून तसा पेहराव करायची आणि त्यातली काही सुरी-पिस्तुलापर्यंत पोचलेली होती. १९६७ मध्ये डेकरचं ‘००७ (शँटी टाउन)’ आलं. वस्तीवर बुलडोझर फिरवण्याचा घाट आणि त्याविरुद्धचा विद्यार्थ्यांचा मोर्चा, त्यातून हे गाणं सुचल्याचं डेकरने नंतर सांगितलं. यात उपदेश नाही आणि गुंडगिरीचं कौतुकही नाही. जेम्स बाँडची ऐट, लूटमार आणि पोलिस हे सगळं तो उंच, हलक्या आवाजात नुसतं सांगत जातो. ते ब्रिटनमध्ये चौदाव्या क्रमांकापर्यंत गेलं.

ब्रिटनमध्ये ते ऐकणारे कोण होते? १९४८ मध्ये ‘एम्पायर विंडरश’ जहाज जमैकन प्रवासी घेऊन इंग्लंडच्या टिलबरी बंदराला लागलं तेव्हापासून कॅरिबियन माणसं तिथे रेल्वेत, बसमध्ये, रुग्णालयांत, कारखान्यांत राबत होती. अनेक क्लबांत त्यांना प्रवेश नसायचा, म्हणून तळघरांत आणि बैठकीच्या खोल्यांत साउंड सिस्टिम लागायच्या. त्यांच्या शेजारच्या गल्ल्यांत राहणाऱ्या गोऱ्या कामगारांच्या पोरांनी हे संगीत उचललं. इंग्लंडला आल्यावर डेकरला नवा सूट मिळाला, तर त्याने पँटचे पाय सहा इंच कापून घेतले. ते पाहून पोरं आपल्याही पँटी वर दुमडू लागली, असं त्याच्या ब्रिटिश रेकॉर्ड कंपनीच्या ग्रॅम गुडॉलने सांगितलेलं आहे.

‘इस्रायलाइट्स’ची गोष्ट साधी आहे. डेकर बागेतून चालला होता. एक जोडपं भांडत होतं. तिला घरात पैसे हवे होते, तो म्हणत होता की जे काम करतो त्यात भागत नाही. घरी पोचेपर्यंत गाणं तयार झालं. त्यातला माणूस सकाळी उठून भाकरीसाठी राबतो, कपडे फाटलेले, बायको-पोरं सोडून गेलेली, आणि तरी बॉनी आणि क्लाइडसारखा दरोडेखोर होऊन त्याला मरायचं नाही. इस्रायलाइट्स म्हणजे बायबलमधले इजिप्तच्या गुलामगिरीतले लोक, आणि त्यांच्याशी स्वतःला जोडणं हा जमैकातल्या रास्ताफारी पंथाचा गाभा. एप्रिल १९६६ मध्ये या पंथाने देव मानलेला इथिओपियाचा सम्राट हैले सेलासी किंग्स्टनला येऊन गेल्यावर त्या पंथाला मोठं बळ मिळालं होतं. उपासमारीतल्या एका नवऱ्याचं गाऱ्हाणं आणि हजारो वर्षांची दास्याची आठवण एकाच गाण्यात मावते ती या पार्श्वभूमीमुळे.

ब्रिटिश श्रोत्यांना यातले निम्मे शब्द कळले नाहीत. पुढे एका कॅसेट कंपनीने या चुकीच्या ऐकण्यावरच जाहिरात केली. पण २० एप्रिल १९६८ ला बर्मिंगहॅममध्ये इनॉक पॉवेल या ब्रिटिश राजकारण्याने काळ्या आणि आशियाई स्थलांतरितांविरुद्ध रक्तपाताची भीती घालणारं भाषण केलं होतं, आणि बरोबर वर्षाने त्याच देशात एका जमैकन माणसाचं जमैकन बोलीतलं गाणं सगळ्यांच्या वर होतं. अमेरिकन गायक मार्विन गेचं गाणं खाली ढकलून ते वर गेलं, त्याला खाली आणायला बीटल्स यावे लागले. अमेरिकेतही ते पहिल्या दहात पोचलं. मिली स्मॉल ही जमैकन गायिका १९६४ मध्ये ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली होती, पण तिचं गाणं लंडनमध्ये रेकॉर्ड झालेलं. हे थेट किंग्स्टनहून आलेलं होतं.

या यशानंतर डेकर इंग्लंडमध्येच स्थिरावला. १९७० मध्ये जिमी क्लिफने लिहिलेलं एक गाणं, आधी नको नको म्हणत, काँगच्या आग्रहाखातर त्याने गायलं आणि ते दुसऱ्या क्रमांकावर गेलं. त्याच्या पुढच्या वर्षी काँग हृदयविकाराने गेला, चाळिशीच्याही आत. गाणं निवडण्यापासून वादक जमवण्यापर्यंत डेकर त्याच्यावरच विसंबलेला होता. त्यानंतर जुनं ‘इस्रायलाइट्स’ १९७५ मध्ये पुन्हा काढलं तेव्हा ते पुन्हा पहिल्या दहात आलं, पण नवं काही त्या उंचीला पोचलं नाही. माझ्या मते याचं कारण आवाजात शोधू नये. डेकर एकेका गाण्याच्या जमान्यातला गायक होता. १९७३ नंतर बाजार पूर्ण अल्बमचा झाला, आणि आयलँड कंपनीच्या ख्रिस ब्लॅकवेलने मार्लीला रॉकच्या श्रोत्यांसमोर नेमकं तसंच मांडलं. डेकरपाशी तसा माणूस उरला नव्हता. १९८० च्या आसपास इंग्लंडमध्ये स्काची नवी लाट आली, तेव्हा स्टिफ रेकॉर्ड्सने त्याचे अल्बम काढले, पण १९८४ मध्ये त्याचं दिवाळं निघाल्याचं जाहीर झालं. जगभर वाजलेल्या गाण्याच्या मालकावर ही वेळ यावी, याचा मला आजही राग येतो.

तरी तो गात राहिला. मे २००६ मध्ये लीड्सला त्याचा कार्यक्रम झाला आणि त्यानंतर दोन आठवड्यांत, २५ मे रोजी, लंडनच्या दक्षिणेला थॉर्नटन हीथमधल्या घरी हृदयविकाराच्या झटक्याने त्याचं निधन झालं. वय ६४.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर आधी १९६३ चं पहिलं गाणं, मग ‘००७’, मग ‘इस्रायलाइट्स’ असं ओळीने ऐका. सहा वर्षांत लय कशी उतरत गेली आणि बास कशी पुढे आली ते कानांना लगेच कळेल. फोनच्या छोट्या स्पीकरवर मात्र ऐकू नका, बास त्यातून येतच नाही.