काष्ठकोरीव काम, नाशिक परिसरातील

नाशिक शहरातील जुन्या वाड्यांत आणि जिल्ह्याच्या पश्चिमेकडील पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या डोंगरी तालुक्यांत आढळणारी लाकूड कोरण्याची कला. वाड्यांचे काम सुतारांचे. मुखवटे आणि देवांच्या फळ्या मात्र कोकणा, वारली अशा आदिवासी समाजांच्या परंपरेतल्या. दोन्हीकडे कारागिराची परीक्षा पटाशी हाती घेण्याआधीच, झाड निवडताना होते. काम पुढे कुठे राहणार, डोक्यावर, पावसात की छपराखाली, यावर लाकूड ठरते.

होळीच्या सुमारास सुरू होऊन वैशाखापर्यंत गावोगाव रात्री रंगणाऱ्या बोहाड्यात, म्हणजे मुखवट्यांच्या नाचाच्या उत्सवात, गणपती, शारदा, नरसिंह, रावण अशी सोंगे संबळाच्या ठेक्यावर नाचतात. मुखवटा डोक्याला बांधून नाचायचे, म्हणून तिथे साग चालत नाही, जड पडतो. पांगारा, सावर असे हलके, मऊ लाकूड लागते. ओंडका मधून फाडून गाभा काढून टाकतात, कारण चिरा तिथूनच फाकतात. लाकूड ओले असतानाच वाकसाने, म्हणजे तासण्याच्या हत्याराने, मागची बाजू पोखरतात. जाडी सगळीकडे सारखी न राहिल्यास सुकताना एक भाग जास्त आकसतो आणि चेहरा तडकतो. म्हणून वाळवणही सावलीतच. नवख्याच्या वाट्याला बहुधा हे पोखरणेच येते. नाक-डोळ्यांना हात लावायला मिळतो तो उशिरा. उलट म्हाताऱ्या कारागिराची नजर मंदावली तरी जाडी त्याला बोटांनी कळते.

पांगाऱ्याला कीड लवकर लागते. रंगाचे थर त्यावर थोडा उपाय ठरतात, पण वरचेवर रंगवल्याने भुवयांची कड बोथट होत जाते. संग्रहालये मुखवटा समोरून मांडतात, हे खटकते. तो पाठीमागून पाहावा: तिथे रंग नसतो, वाकसाचे घाव तसेच दिसतात आणि कपाळाची जागा घामाने काळवंडलेली असते. अलीकडे कागदाच्या लगद्याचे मुखवटेही वापरात आहेत.

शिवेवरचा वाघदेव मात्र उघड्यावर उभा राहतो, म्हणून तो सागाचा किंवा दगडाचा. फळीवर वाघ, नाग, चंद्र-सूर्य कोरलेले असतात. वाघबारसेला त्याला शेंदूर लावून पूजतात.

शहरातल्या वाड्यांचा साग छपराखालचा. सराफ बाजारातील पेशवेकालीन सरकारवाडा आणि चांदवडचा होळकरांचा रंगमहाल ही या कामाची ठळक उदाहरणे. सुरूच्या झाडासारखे निमुळते सुरूदार खांब, केळीच्या फुलाच्या आकाराची कोरीव केळफुले, दाराच्या चौकटीवरची गणेशपट्टी हे नेहमीचे घटक. वाडे पाडले जाऊ लागले तसा त्यांतला मुरलेला साग विकला जातो आणि त्यावर नवे कोरीव काम होते. जुन्या तुळईत मोडून राहिलेला एखादा खिळा पटाशीची धार घालवतो, म्हणून जाणता कारागीर आधी तीवर लोहचुंबक फिरवून घेतो.