ॲडाबास–नॅचरल प्रशिक्षणवर्ग

मेनफ्रेम (मोठ्या संस्थांच्या केंद्रीय) संगणकावर काम करणाऱ्या प्रोग्रॅमरना ‘ॲडाबास’ हा डेटाबेस आणि त्याच्या जोडीने वाढलेली ‘नॅचरल’ ही भाषा शिकवणारा वर्ग. दोन्ही जर्मनीतील डार्मस्टाट येथील सॉफ्टवेअर एजी या कंपनीची निर्मिती. पेटर श्नेल यांच्या पुढाकाराने घडलेला ॲडाबास १९७१ मध्ये बाजारात आला आणि पेटर पागे यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेली नॅचरल १९७९ मध्ये. सरकारी खाती, बँका, विमा कंपन्या, विद्यापीठे अशा ठिकाणी या जोडीवर लिहिलेले प्रोग्रॅम दशकानुदशके चालत आले आहेत. लिहिणारे निवृत्त झाले, तरी रात्रीची बॅच, म्हणजे माणूस समोर नसताना ओळीने चालणारी कामे, रोज लागतेच. कंपनीने २०१६ मध्ये दोन्हींना २०५० पर्यंत आणि त्यापुढेही पाठबळ देण्याचे जाहीर केले. त्यामुळे हा वर्ग आज विशीत असलेल्यांसाठीही कामाचा आहे.

भारतात मेनफ्रेमच्या वर्गांना खरी गर्दी झाली ती १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात, वर्षाचे दोनच आकडे साठवणारे प्रोग्रॅम २००० सालापूर्वी दुरुस्त करायचे होते तेव्हा. त्या वर्गांत भर असे तो कोबोल ही भाषा, यंत्राला ‘जॉब’ म्हणजे कामे सोपवणारी जेसीएल आणि डीबी-टू हा डेटाबेस यांवर. ॲडाबास–नॅचरल शिकलेला माणूस तेव्हाही मोजकाच सापडे. महाविद्यालयात डेटाबेस म्हणून शिकवतात तो रिलेशनल, म्हणजे जोडता येणाऱ्या तक्त्यांचा, एसक्यूएल या प्रश्नभाषेने बोलणारा. ॲडाबासची घडण मुळातच वेगळी आहे. म्हणून पदवी हातात असूनही नव्याने वर्गात बसावे लागते.

पुढील विवेचनातील उदाहरणे बडोद्याची आहेत. वडोदरा हे आता शहराचे अधिकृत नाव असले, तरी दांडिया बाजार–रावपुऱ्यातील मराठी घरांत अजून बडोदेच म्हणतात, म्हणून येथेही तेच ठेवले आहे. बडोद्याचे उदाहरण घेण्यामागे आणखी एक कारण आहे. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना ग्रंथालयांची उभारणी करायला बोलावले आणि बोर्डन यांनी १९११ मध्ये येथे ग्रंथपालांचा प्रशिक्षणवर्ग सुरू केला. तो भारतातील अशा प्रकारचा पहिला वर्ग मानला जातो. ॲडाबास समजून घ्यायला त्या वर्गात शिकवल्या जाणाऱ्या विद्येइतकी जवळची वाट दुसरी नाही.

दाखल क्रमांक आणि कार्डांचे खण. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत, किंवा जुन्या धाटणीच्या कोणत्याही मोठ्या ग्रंथालयात, पुस्तके एका दालनात असतात आणि त्यांची कार्डे दुसरीकडे, खणांमध्ये. लेखकाच्या नावाचा खण वेगळा, विषयाचा वेगळा. प्रत्येक पुस्तकाला आत येतानाच एक दाखल क्रमांक मिळतो. पुस्तक या कपाटातून त्या कपाटात गेले, तरी क्रमांक बदलत नाही.

ॲडाबासमध्ये पुस्तकांच्या दालनाला ‘डेटा स्टोरेज’ म्हणतात आणि खणांच्या खोलीला ‘असोसिएटर’. ‘वर्क’ हा तिसरा भाग चालू व्यवहारांची टिपणे ठेवतो. एक पूर्ण नोंद म्हणजे ‘रेकॉर्ड’, त्यातला एक रकाना म्हणजे ‘फील्ड’. रेकॉर्डचा दाखल क्रमांक म्हणजे ‘आयएसएन’. ज्या फील्डचे खण केलेले असतात, ते फील्ड ‘डिस्क्रिप्टर’. खणातल्या प्रत्येक मूल्यापुढे, उदाहरणार्थ ‘रावपुरा’ या मूल्यापुढे, ते मूल्य असलेल्या रेकॉर्डांच्या आयएसएनची यादी असते. हीच ‘उलटी यादी’ (इनव्हर्टेड लिस्ट): मूल्यावरून रेकॉर्डाकडे नेणारी. रेकॉर्ड प्रत्यक्षात डिस्कवरच्या कोणत्या ब्लॉकमध्ये (कप्प्यात) पडले आहे, हे ‘ॲड्रेस कन्व्हर्टर’ नावाच्या तक्त्यात लिहिलेले असते. रेकॉर्ड लांबले आणि दुसऱ्या ब्लॉकमध्ये हलले, तर त्या तक्त्यातली एक नोंद बदलते. खणांतली कार्डे जागची हलत नाहीत.

एवढे नीट कळले की नॅचरलच्या तीन आज्ञा आपोआप उलगडतात. ‘हिस्टोग्रॅम’ म्हणजे फक्त खण उघडून कार्डे मोजणे. रावपुऱ्यातले सभासद किती, हे सांगायला दालनात पाऊल टाकावे लागत नाही. ‘फाइंड’ म्हणजे खणातून क्रमांकांची यादी काढून तेवढीच पुस्तके आणणे. ‘रीड’ म्हणजे एका क्रमाने पुस्तके हातात घेत जाणे: कपाटात जशी लागली आहेत तशी, दाखल क्रमांकाने, किंवा एखाद्या खणाच्या क्रमाने.

नवशिक्याची सर्वांत महागडी चूक इथेच होते. आडनावाच्या क्रमाने ‘रीड’ लिहायचे आणि पुढे ‘व्हेअर’ लावून पेठ रावपुरा असल्याची अट घालायची. उत्तर बरोबर येते, शिकवणाराही खूश होतो. पण ‘व्हेअर’ची अट रेकॉर्ड वाचून झाल्यावर तपासली जाते. पन्नास सभासदांसाठी अख्खी फाइल वाचली गेली. सरावाच्या शंभर रेकॉर्डांवर हे कधीच जाणवत नाही. प्रॉडक्शनवर, म्हणजे रोजच्या खऱ्या कामाच्या यंत्रणेत, लाखो रेकॉर्ड असतात आणि पहाटेपर्यंत संपायची बॅच सकाळी ऑफिस उघडले तरी चालूच राहते. म्हणून सरावाची फाइल मोठी हवी. लहान फाइलवर शिकवलेला वर्ग उत्तर बरोबर आहे का एवढेच तपासतो, त्याची किंमत तपासत नाही.

रेकॉर्डच्या आत रांग. एसक्यूएल शिकून आलेला विद्यार्थी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हटकून अडतो. ॲडाबासमध्ये एकाच रेकॉर्डात एका फील्डची अनेक मूल्ये ठेवता येतात, जसे सभासदाचे दोन-तीन फोन. हे ‘मल्टिपल व्हॅल्यू फील्ड’. फील्डांचा गटच पुन्हा पुन्हा येऊ शकतो: पुस्तक, नेल्याची तारीख, परत केल्याची तारीख. हा ‘पीरियॉडिक ग्रुप’. पूर्वी एका रेकॉर्डात अशा पुनरावृत्तींची मर्यादा १९१ होती, ॲडाबासच्या आठव्या आवृत्तीपासून ती ६५,००० च्या पलीकडे नेता येते. “मग पहिल्या नॉर्मल फॉर्मचे काय?” हा प्रश्न येतोच (एका रकान्यात एकच मूल्य, हा तो रिलेशनल नियम) आणि तो चांगला प्रश्न आहे. एका वाचनात सभासद आणि त्याची सगळी देवघेव हाती येते, जोडणी करावी लागत नाही. वेगासाठी केलेली ती तडजोड आहे आणि ती तशीच सांगावी. रिकामी फील्डे दाबून साठवली जातात, त्यामुळे जागाही फारशी वाया जात नाही.

फील्डांची खरी नावे दोनच अक्षरांची असतात: पहिले अक्षरच हवे, दुसरे अक्षर किंवा आकडा. ‘ई-शून्य’ ते ‘ई-नऊ’ मात्र वापरता येत नाहीत, ती राखीव आहेत. प्रोग्रॅमरला दिसणारी लांब, वाचनीय नावे ‘डीडीएम’ या मधल्या थरातून येतात.

आडनावांसाठी ‘फोनेटिक डिस्क्रिप्टर’ नावाची सोय आहे. उच्चाराने सारखी मूल्ये ती एकत्र शोधून देते, पहिल्या २० बाइट्सच्या आधारे. बडोद्यात तिची गरज समजावून सांगावी लागत नाही. गायकवाड हे आडनाव रोमन लिपीत राजघराण्याच्या पद्धतीने एक, सामान्यांच्या कागदांवर दुसरे, आणि जुन्या इंग्रजी दप्तरात शेवटी ‘आर’ लावून तिसरेच लिहिलेले सापडते. पण ही सोय युरोपीय भाषांचे उच्चार समोर ठेवून बांधलेली आहे. मराठी आडनावांवर तिची भिस्त ठेवण्यापूर्वी विद्यार्थ्याने स्वतःच्या गल्लीतील पन्नास आडनावे घालून काय सापडते आणि काय निसटते ते पाहावे. हा सराव मुले फार मन लावून करतात.

होल्ड. वर्गाचा सर्वांत अवघड आणि सर्वांत उपयोगी भाग हाच. ‘रीड’च्या लूपमध्ये, म्हणजे एकेक रेकॉर्ड घेत फिरणाऱ्या भागात, खाली कुठेतरी ‘अपडेट’ लिहिले असेल, तर वाचलेले प्रत्येक रेकॉर्ड होल्डवर जाते, म्हणजे आपल्यासाठी राखले जाते, त्यात बदल करायचा असो वा नसो. ‘एण्ड ट्रान्झॅक्शन’ (व्यवहार पक्का करून संपवण्याची आज्ञा) म्हणेपर्यंत ते दुसऱ्याला बदलता येत नाही. लूप लांब असेल तर होल्डवर ठेवण्याची मर्यादा भरते आणि ३०४७ हा चूक दाखवणारा क्रमांक येतो. दुसऱ्याने होल्डवर धरलेले रेकॉर्ड मागितले तर ३१४५. डेटाबेसच बंद असेल तर ३१४८. या आकड्यांत गूढ काही नाही. ॲडाबासने दिलेल्या उत्तरात नॅचरल ३००० मिळवून दाखवते, एवढेच.

३००९ची गोष्ट मात्र सावकाश सांगावी. कारकुनाने सभासदाचे रेकॉर्ड बदलण्यासाठी उघडले आणि तो चहाला गेला. रेकॉर्ड होल्डवर. व्यवहाराला दिलेली वेळ संपली, ॲडाबासने तो व्यवहार मागे घेतला आणि रेकॉर्ड मोकळे केले. कारकून परत आला, एंटर दाबले, पडद्यावर ३००९. त्याने चूक काहीच केलेली नाही. चूक पडद्याची वाट पाहताना रेकॉर्ड धरून ठेवणाऱ्या प्रोग्रॅमरची. शहाणी पद्धत अशी: आधी होल्ड न करता वाचावे, माणसाला हवा तितका वेळ द्यावा, त्याने एंटर दाबल्यावर ‘गेट’ने तेच रेकॉर्ड आयएसएनवरून पुन्हा आणावे, मध्ये कोणी बदलले नाही ना हे तपासावे, मग बदल करून लगेच ‘एण्ड ट्रान्झॅक्शन’ द्यावे. ही पद्धत एकदा तोंडी सांगून अंगवळणी पडत नाही. दोन विद्यार्थ्यांना शेजारी दोन टर्मिनलांवर बसवून एकच रेकॉर्ड उघडायला लावावे. दुसऱ्याच्या पडद्यावर ३१४५ उमटला की वर्ग जागा होतो.

जुना कोड. नॅचरल वाक्यरचनेने सोपी आहे. कोबोलमध्ये फाइल उघडणे, वाचणे, शेवट ओळखणे हे सारे स्वतः लिहावे लागते. इथे ‘रीड’ म्हटले की लूप सुरू होतो. कोणतीही एक भाषा येणाऱ्याला ती लवकर येते, आणि म्हणूनच अनेक अभ्यासक्रम भाषेपाशीच थांबतात. पण नोकरीत नवा प्रोग्रॅम क्वचितच लिहायला मिळतो. मिळतो तो दुसऱ्याने लिहिलेला, अनेकदा जुन्या ‘रिपोर्टिंग मोड’मधला: वरती व्हेरिएबलांची घोषणा नाही, ती लिहिता लिहिता जन्मलेली. लूपला नाव नाही, त्याचा निर्देश चार आकडी ओळक्रमांकाने. कोणता ‘अपडेट’ कोणत्या ‘रीड’चा, हे बोट ठेवून शोधावे लागते. असा कोड कागदावर छापून, पेन्सिल हातात घेऊन वाचण्याला निम्मा वेळ द्यावा, असे माझे मत आहे. आठ अक्षरांत कोंबलेली प्रोग्रॅमची नावेही वाचून वाचूनच ओळखीची होतात.

भोवतालचे ज्ञान म्हणजे टीएसओ (मेनफ्रेमशी टर्मिनलवरून बोलण्याची सोय), तिच्यावरचे आयएसपीएफचे पडदे, जेसीएल आणि स्पूलमधला, म्हणजे छपाईसाठी साठवून ठेवलेला, निकाल वाचणे. नॅचरल बॅचमध्ये चालवताना आज्ञा ‘सीएमसिनइन’मधून जातात आणि छपाई ‘सीएमप्रिंट’वर येते. ‘स्टो’ केल्याशिवाय, म्हणजे तपासून, जपून, चालवण्याजोगे रूप तयार केल्याशिवाय बदल लागू होत नाही. सुरुवातीचे बरेच “मी तर बदललं होतं” याच कारणाने घडते.

घरी सरावासाठी ॲडाबास आणि नॅचरलची विनाशुल्क कम्युनिटी आवृत्ती डॉकरमध्ये (तयार प्रोग्रॅम बांधून चालवणारे साधन) चालते, आणि इक्लिप्स या प्रोग्रॅम लिहिण्याच्या साधनावर बांधलेले ‘नॅचरलवन’ लिहिण्याचे काम सोपे करते. एक फरक लक्षात असावा. मेनफ्रेमवरील एबसीडिक या अक्षरसंकेतात आधी लहान लिपीतील अक्षरे, मग मोठी, शेवटी आकडे असा क्रम लागतो. घरच्या यंत्रावरील आस्की या संकेतात आकडे सर्वांत आधी येतात. घरी बरोबर लावलेली यादी ऑफिसात उलटी दिसली, तर घाबरू नये.

माध्यम. बडोद्याचा मराठी विद्यार्थी घरी मराठी, बाजारात गुजराती आणि पुस्तकात इंग्रजी असा तिन्हींत वावरतो. १८९० मध्ये येथे सुरू झालेल्या कलाभवनाचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह होता की तंत्रशिक्षण लोकांच्या भाषेतून व्हावे. दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले आणि आजची महाराजा सयाजीराव विद्यापीठाची अभियांत्रिकी विद्याशाखा त्याच संस्थेतून वाढली. डिस्क्रिप्टर, होल्ड, स्टो हे शब्द बदलू नयेत, ऑफिसात तेच लागतात. त्यांचा अर्थ मात्र मराठीत सांगावा. खण, कार्ड, दाखल क्रमांक असे सांगितलेले विद्यार्थ्याला सहा महिन्यांनीही आठवते. इंग्रजी व्याख्या घोकलेला मुलाखतीत पास होतो आणि पहिल्याच पडलेल्या जॉबपाशी अडतो.

परीक्षा. बहुपर्यायी प्रश्नांवर वर्ग संपवण्याची रीत आहे, ती बदलायला हवी. त्याऐवजी विद्यार्थ्याला दोनशे ओळींचा एक अनोळखी रिपोर्टिंग मोडमधला प्रोग्रॅम, डीडीएम आणि ३०४७वर पडलेल्या जॉबचा स्पूल द्यावा. दिवसभराचा अवधी, पुस्तके उघडी. दुरुस्ती किती ओळींची झाली हे पाहावे, कारण कमी ओळींत बरे करणाऱ्याला कोड समजलेला असतो. आणि आपण काय बदलले व का, हे त्याने शेजारच्या विद्यार्थ्याला मराठीत समजावून सांगावे. परीक्षकाने तेवढे ऐकावे.