चालू घरगुती सेवा व्यवसाय विकत घेताय? जी.एस.टी. हस्तांतरणाची प्रक्रिया, पात्रता आणि कागदपत्रं

एसी दुरुस्ती, प्लंबिंग, घरसफाई, पेस्ट कंट्रोल असा चालता धंदा विकत घेतला की गिऱ्हाईकं, कारागीर आणि हत्यारं हाती येतात. नोंदण्या मात्र आपोआप येत नाहीत. सगळी गंमत कोणता कागद आधी आणि कोणता नंतर, यात आहे.

पहिला प्रश्न: धंदा कुणाच्या पॅनवर आहे? खासगी कंपनी असेल तर शेअर हस्तांतरित होतात आणि जी.एस.टी. क्रमांक तोच राहतो. संचालक बदलल्याची दुरुस्ती १५ दिवसांत पोर्टलवर करायची, की झालं. पण असे बहुतेक छोटे धंदे एकमालकी असतात. तिथे क्रमांक मालकाच्या पॅनला जोडलेला असतो, म्हणून तुम्हाला नवा घ्यावा लागतो. उद्यम नोंदणीही (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) तुमच्या नावाने नवी करायची. ती मोफत आहे, एजंटला पैसे मोजू नका.

सेवा व्यवसायाला बहुतेक राज्यांत २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, हे खरं. पण नोंदणीकृत व्यक्तीचा चालू धंदा घेतला तर जी.एस.टी. कायद्याच्या कलम २२(३) नुसार हस्तांतरणाच्या तारखेपासूनच तुमची नोंदणी बंधनकारक होते, उलाढाल कितीही असो. अर्ज पोर्टलवरच्या आर.ई.जी.-०१ या फॉर्ममध्ये, ३० दिवसांच्या आत. पॅन, आधार, फोटो, जागेचा पुरावा (वीजबिल किंवा मालमत्ता कराची पावती, जागा भाड्याची असेल तर भाडेकरार) आणि हस्तांतरणाचा करार जवळ ठेवा.

करार नीट लिहून घ्या. धंदा ‘देण्यांसह’ हस्तांतरित होतोय हे त्यात स्पष्ट हवं, कारण विक्रेत्याचं शिल्लक इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जी.एस.टी.ची मिळणारी वजावट) तुमच्याकडे यायचं तर सीए किंवा कॉस्ट अकाउंटंटला नेमकं तेच प्रमाणित करावं लागतं. मग विक्रेता पोर्टलवर क्रेडिट हस्तांतरणाचा फॉर्म आय.टी.सी.-०२ भरतो आणि तुम्ही तो स्वीकारता. त्याची मागची सगळी रिटर्न भरलेली हवीत आणि त्याचा क्रमांक तोवर चालू हवा. घाईत त्याने आधीच नोंदणी रद्द करून घेतली, तर क्रेडिट अडकलंच म्हणून समजा. म्हणून त्याचा रद्दीकरणाचा अर्ज (आर.ई.जी.-१६) सगळ्यात शेवटी. त्यानंतरचं अंतिम रिटर्न, जी.एस.टी.आर.-१०, तीन महिन्यांत भरणं त्याचं काम.

तुमच्या खिशाला खरी झळ लागते ती कलम ८५ मुळे. हस्तांतरणापर्यंतचा थकीत कर, व्याज आणि दंड यांना विक्रेता आणि तुम्ही दोघेही जबाबदार, मागणी नंतर निघाली तरीसुद्धा. तेव्हा सौदा ठरण्याआधीच त्याच्यासमोर बसून पोर्टल उघडायला लावा. रिटर्न, लेजर (कर आणि क्रेडिटची खातेवही) आणि नोटिसा स्वतः पाहा. किमतीचा काही भाग राखून ठेवण्याची अट करारात घातलेली बरी.

ए.एम.सी.ची (वार्षिक देखभाल करारांची) यादीही तितक्याच बारकाईने बघा. समजा, विक्रेत्याने एप्रिलमध्ये वर्षाचे पैसे घेऊन चार सर्व्हिसिंग कबूल केल्यात आणि तुम्ही ऑगस्टमध्ये धंदा घेतला. एक फेरी झाली असेल तर उरलेल्या तीन तुमच्या गळ्यात. पैसे कधीच विक्रेत्याच्या खात्यात गेलेत. प्रत्येक गिऱ्हाइकापुढे घेतलेली रक्कम आणि बाकी फेऱ्या लिहिलेली यादी कराराला जोडा, किमतीतून तेवढा खर्च वजा करा.

पेस्ट कंट्रोलला वेगळा परवाना लागतो, कीटकनाशक नियमांखालचा. त्यासाठी कृषी पदवीधर किंवा रसायनशास्त्रासह विज्ञान पदवीधर आणि ठरलेल्या संस्थेतलं किमान १५ दिवसांचं प्रशिक्षण झालेला माणूस हवा. तो माणूस म्हणजे विक्रेता स्वतःच असेल, तर त्याच्या जागी कोण, हे आधी ठरवा.

अनुदानाच्या भरवशावर असाल तर पी.एम.ई.जी.पी. (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) चालू धंदा विकत घेण्यासाठी मिळत नाही.

आणि मोबाइल नंबर! गिऱ्हाईक त्याच नंबरवर फोन करतं. सिम मोबाइल कंपनीकडे केवायसी करून तुमच्या नावावर घ्या आणि गूगल मॅपवरच्या नोंदीची मालकीही बदलून घ्या. ही दोन्ही कामं शेवटचा हप्ता देण्याआधी उरकायची.