टिकाऊ म्हणून बनवलं, टिकाऊच निघालं

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. पाण्यातल्या रसायनांचा अभ्यास करणाऱ्यांना मात्र नेमका तोच उद्योग करावा लागतो.

अमेरिकेत सिएटल शहरातल्या ओढ्यांवर अशी एक शोधाशोध वीसेक वर्षं चालली. कोहो सामन हे मासे अंडी घालायला समुद्रातून गोड्या पाण्यात येतात. पाऊस पडून गेला की हे मासे पाण्याच्या वरच्या थरात येऊन भोवळ आल्यासारखे गोल गोल फिरायचे, तोंडं वासायचे आणि काही तासांत मरायचे. मादीच्या पोटातली अंडी तशीच राहायची. पाण्यात ऑक्सिजन पुरेसा होता, तापमान ठीक होतं, रोगाची खूण नव्हती. शेवटी संशयाची सुई रस्त्यावरून वाहत येणाऱ्या पाण्याकडे वळली. टायरचा कीस पाण्यात मुरवून ते पाणी माशांना दिलं, तर मासे मेले. त्या पाण्यात दोन हजारांहून जास्त रसायनं होती. एकेक गट वगळत संशोधक एका रेणूपर्यंत पोचले, आणि तो कुठल्याच यादीत नव्हता.

डिसेंबर २०२० मध्ये कोडं सुटल्याचं जाहीर झालं. हवेतल्या ओझोनमुळे टायरच्या रबराला तडे जाऊ नयेत म्हणून त्यात ६-पीपीडी नावाचं रसायन घालतात. रबराच्या आधी ते स्वतः ओझोनला भिडतं, आणि त्या झटापटीत त्याचं ६-पीपीडी-क्विनोन होतं. लिटरभर पाण्यात या क्विनोनचा मायक्रोग्रॅमचा दहावा हिस्सा असला, तरी कोहोची निम्मी पिल्लं दगावतात. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. कोहोचाच भाऊबंद असलेला चम सामन मात्र त्याच पाण्यात मजेत पोहतो. असं का, याचा उलगडा करणं हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय झाला आहे.

खरं तर हे क्विनोन फार चिवट नाही, ते हळूहळू विघटित होतं. पण गाड्या रोज धावतात, टायर रोज झिजतात, त्यामुळे जेवढं संपतं त्याची भरपाई पुढचा पाऊस करतो. परिणाम पाहिला तर ते चिवटच म्हणायचं.

अस्सल चिवट मंडळींची गोष्ट आणखी वेगळी. १९२९ पासून कारखान्यांत तयार होऊ लागलेली पीसीबी ही क्लोरीनयुक्त तेलं ट्रान्सफॉर्मरमध्ये भरली जात. सहज पेट घेत नाहीत, वीज वाहू देत नाहीत, आम्लांना दाद देत नाहीत. कुणाही अभियंत्याला हवेहवेसे वाटतील असेच हे गुण. पीफास या गटातली रसायनं त्यांच्याही वरताण. डाग न धरणारं कापड, न चिकटणारा तवा, तेलाची आग विझवणारा फेस या सगळ्यांत ती असतात. त्यांच्यातला कार्बन आणि फ्लोरीन यांचा बंध कार्बनच्या एकेरी बंधांमध्ये सर्वांत बळकट, तोडायला मोलमागे (म्हणजे बंधांच्या एका ठरावीक, प्रचंड मोठ्या संख्येमागे) सुमारे ४८५ किलोज्यूल ऊर्जा लागते. निसर्गात असे रेणू जवळपास नाहीतच. त्यामुळे ते फोडण्याची हत्यारं जिवाणूंनी कधी घडवलीच नाहीत. गरजच काय होती?

इथे आपल्या मोजमापातली एक गंमत सांगायला हवी. शहराचं सांडपाणी शुद्ध करण्याची आजची मुख्य पद्धत १९१४ मध्ये इंग्लंडातल्या मँचेस्टरला जन्मली: पाण्यात हवा सोडायची, जिवाणू वाढवायचे आणि घाण त्यांच्याकडून खाऊन घ्यायची. पाणी किती घाण आहे हे ठरवण्यासाठी ‘बीओडी’ मोजतात. म्हणजे पाण्यातलं खाद्य संपवताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात, तो आकडा. मग जिवाणू ज्याला तोंडच लावत नाहीत, त्याची नोंद या आकड्यात कशी होणार? पदार्थ जितका चिवट, तितकं त्याचं बीओडी शून्याच्या जवळ. म्हणजे सर्वांत हट्टी प्रदूषकच या परीक्षेत सर्वांत निर्दोष ठरतात!

ही परीक्षा निरुपयोगी आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. लंडनची थेम्स १९५७ मध्ये शहराच्या पट्ट्यात मृतप्राय ठरवली गेली होती. सांडपाण्यावर नीट प्रक्रिया सुरू झाल्यावर ऑक्सिजन परतला आणि मागोमाग मासेही परतले. पण मासे परतले म्हणजे पाण्यात काही उरलं नाही, असा अर्थ होत नाही. फिटच्या आजारावरचं कार्बामाझेपीन हे औषध प्रक्रिया केंद्रातून जवळपास जसंच्या तसं बाहेर पडतं. पीफासचा प्रकार तर चक्रावणारा आहे. काही मोठ्या रेणूंच्या फ्लोरीन नसलेल्या बाजू जिवाणू कुरतडतात आणि टणक गाभा मागे उरतो, तोही पीफासच. त्यामुळे काही केंद्रांत आत येणाऱ्या पाण्यापेक्षा बाहेर पडणाऱ्या पाण्यातच ठरावीक पीफास जास्त सापडतात.

बाहेर पडल्यावर पीफास आणि पीसीबी यांच्या वाटा वेगळ्या होतात. पीफासमधले बरेचसे पाण्यात विरघळून प्रवाहाबरोबर पुढे जातात. पीसीबीला पाणी नकोसं असतं आणि स्निग्ध पदार्थ हवासा, म्हणून ते गाळाच्या कणांना चिकटून तळाशी बसतं आणि तिथून किडे, मासे, पक्षी असं चरबीत साठत वर चढतं. नदीच्या तळात लांब नळी खुपसून गाळाचा उभा दंडगोल काढतात आणि तो उभा चिरतात. आतला काळा, ओलसर गाळ वहीच्या पानांसारखा थरांनी लागलेला दिसतो. अणुचाचण्यांतून पडलेल्या सीझियम-१३७ या किरणोत्सारी पदार्थाचं प्रमाण जिथे सर्वाधिक, तो थर १९६३ च्या आसपासचा. तिथून वर-खाली मोजत गेलं की कुठलं रसायन कधी आलं आणि कधी ओसरलं हे कळतं.

हा गाळ उपसणं किती जिकिरीचं आहे, ते न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन नदीवर दिसलं. जनरल इलेक्ट्रिकच्या दोन कारखान्यांतून १९४७ ते १९७७ या काळात तिच्यात काही लाख किलो पीसीबी गेलं. २००९ ते २०१५ मध्ये सुमारे वीस लाख घनमीटर गाळ काढला गेला. तरीही तिथले मासे खाण्यावरचे निर्बंध पूर्णपणे उठलेले नाहीत. प्रक्रिया केंद्रात कार्बनची गाळणी बसवली की बरीचशी पीफास अडतात, पण ती नष्ट होत नाहीत, फक्त गाळणीत जाऊन बसतात. कार्बन-फ्लोरीनचा तो बंध सोडवायला भरलेली गाळणी प्रचंड तापवावी लागते.

सिएटलच्या त्या ओढ्यांसाठी मात्र एक साधा उपाय हाती आला. रस्त्यावरचं पाणी वाळू आणि कंपोस्ट खत यांच्या थरातून झिरपू दिलं. न गाळलेल्या पाण्यात कोहोची सगळी पिल्लं मेली, गाळलेल्या पाण्यात सगळी जगली. हा प्रयोग प्रसिद्ध झाला २०१५ मध्ये. मारेकऱ्याचं नाव कळायला तेव्हा अजून पाच वर्षं होती.