मांजराचा कोठा जड का होतो?

सकाळी चहाचं आधण ठेवायच्या आधी मी आमच्या मांजरीचा, चिंगीचा, वाळूचा ट्रे बघते. रात्रीत शूने भिजून वाळूचे किती गोळे झाले, शी झाली का, झाली तर कशी, हे फ्रिजशेजारी लटकवलेल्या कॅलेंडरवर पेन्सिलीने टिपून ठेवते. गेल्या एप्रिलमध्ये शीच्या तीन चौकटी ओळीने रिकाम्या राहिल्या. चौथ्या दिवशी ती ट्रेमध्ये पाठीची कमान करून बसली, बराच वेळ कुंथली, आणि पडले ते शेळीच्या लेंडीएवढे दोन खडे. एक खडा टिश्यूत धरून दाबला. खडूसारखा कोरडा होता, आणि फुटल्यावर आत तिच्याच केसांचा पुंजका निघाला.

आई तेव्हा आमच्याकडे आली होती. "अगं, कोमट दुधातून चमचाभर एरंडेल दे तिला. दुपारपर्यंत मोकळी होईल," ती म्हणाली. आमच्या घरात तीन पिढ्या याच उपायावर वाढल्या आहेत, त्यामुळे तिचं म्हणणं कुणालाही पटेल असंच होतं. मी तिला थांबवलं, कारण माणसाला जे चालतं ते मांजराला चालेलच असं नाही, आणि काही वेळा तेच जिवावर बेततं.

चिंगी अकरा वर्षांची. नारायण पेठेतल्या एका जुन्या वाड्यात जन्मली, पहिली चार वर्षं तिथेच हुंदडली. माळ्यावरचे उंदीर, पाली, अंगणातले टोळ, हा तिचा रोजचा आहार. वाडा पाडला गेला आणि आम्ही कोथरूडला चौथ्या मजल्यावर राहायला आलो. तेव्हापासून ती पिशवीतले कोरडे दाणे खाते. पुण्यातल्या कितीतरी मांजरांची हीच कहाणी आहे, आणि बद्धकोष्ठाचं मूळ बरंचसं याच बदलात आहे.

आपलं घरगुती मांजर आफ्रिकी रानमांजराच्या वंशातलं. सुमारे १०,००० वर्षांपूर्वी पश्चिम आशियात, धान्याच्या साठ्याभोवती जमणाऱ्या उंदरांच्या मागे ते माणसाच्या वस्तीला आलं. त्याचे पूर्वज कोरड्या मुलखातले. तिथे पाणी मिळायचं ते शिकारीतूनच. उंदराच्या शरीरात जवळपास ७० टक्के पाणी असतं, म्हणजे उंदीर खाल्ला की तहान आपोआप भागते. त्यामुळे मांजराला तहानेची जाणीव मुळात मंद असते. उलट मूत्रपिंडं अशी तयार झाली की थोड्याशा पाण्यात काम भागावं: माणसाच्या लघवीपेक्षा मांजराची लघवी दुपटीहून जास्त घट्ट होऊ शकते.

आता हिशोब करून बघा. चार किलोच्या मांजराला दिवसाला, खाण्यातलं धरून, साधारण २०० मिलिलिटर पाणी लागतं. कोरड्या दाण्यांत पाणी असतं जेमतेम १० टक्के. दिवसाचे ६० ग्रॅम दाणे खाल्ले तर पोटात गेलं ६ मिलिलिटर. बाकीचं तिने वाटीतून प्यायला हवं, आणि इतकं पाणी मांजर सहसा पीत नाही. दाणे खाणारी मांजरं पाणी जास्त पितात हे खरं, तरी एकूण पाणी ओलं खाणाऱ्या मांजरांपेक्षा कमीच पडतं. पुण्याचा एप्रिल, पारा चाळिशीला टेकलेला, दिवसभर पंख्याचा वारा. अशा दिवसांत ही तूट आणखी वाढते.

शरीराला पाणी कमी पडलं की ते जिथून मिळेल तिथून ओढून घेतं. मोठ्या आतड्याचं कामच मुळी उरलेल्या चोथ्यातून पाणी परत घेण्याचं. चोथा तिथे जितका जास्त रेंगाळतो तितका कोरडा होतो. कोरडा झाला की ढकलायला जड, ढकलताना दुखतं, दुखतं म्हणून मांजर टाळतं, आणि टाळलं की तो आणखी वाळतो. हे चक्र वारंवार फिरत राहिलं तर आतडं ताणून ताणून फुगतं आणि त्याच्या स्नायूंत आकुंचनाची ताकदच राहत नाही. या अवस्थेला मेगाकोलन म्हणतात. तिथवर गेलेल्या मांजराला परत आणणं फार अवघड असतं. तीन दिवस वाट पाहिली ही माझी चूक होती, हे मी स्पष्ट सांगते. निरोगी मांजर साधारण रोज एकदा शी करतं. दोन दिवस काहीच झालं नाही तर डॉक्टरांना फोन करायला हवा.

आणि एक गोष्ट याहून तातडीची. ट्रेमध्ये बसून कुंथणारं मांजर शीसाठीच कुंथतंय असं समजू नका. बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो. त्यात खडे किंवा चिकट पदार्थाचा बोळा अडकला की लघवी बंद होते, आणि बाहेरून बघणाऱ्याला ते हुबेहूब बद्धकोष्ठासारखं दिसतं. लघवी तुंबली की रक्तात पोटॅशियम वाढतं, हृदयाची लय बिघडते, आणि दोन-तीन दिवसांत बोका जाऊ शकतो. म्हणून आधी वाळूत शूचे ताजे गोळे आहेत का ते बघा. नसतील तर भोपळा नको, इसबगोल नको, रात्रीचे दोन वाजले असले तरी रिक्षा करून दवाखाना गाठा.

शू व्यवस्थित होतेय, मांजर खातंय, उलटी नाही, फक्त शी कडक आहे, अशा वेळी घरी करण्यासारखं बरंच आहे. सगळ्यात मोठा उपाय म्हणजे खाण्यातून पाणी देणं. ओल्या खाण्याच्या पाउचमध्ये ७५ ते ८० टक्के पाणी असतं, त्यात वर दोन चमचे कोमट पाणी मिसळलं तरी बहुतेक मांजरं कुरकुर करत नाहीत. मी बिनहाडाचं चिकन भरपूर पाण्यात उकडते आणि ते पाणी गाळून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते. रोज दोन खडे वितळवून देते. त्यात मीठ, हळद, मसाला काही नाही. कांदा-लसूण तर अजिबातच नाही, कारण त्याने मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात.

पाण्याच्या भांड्याचंही शास्त्र आहे. खोल, अरुंद वाटीत मिशा कडांना घासतात, ते बऱ्याच मांजरांना आवडत नाही. आमच्याकडे आता तीन पसरट काचेचे बाऊल आहेत, एकही तिच्या ताटलीशेजारी किंवा ट्रेजवळ नाही. तरी तिचं सगळ्यात लाडकं पाणी बाथरूमच्या नळाचं. थेंब पडायला लागला की ती मान तिरकी करून जिभेने तो हवेतच झेलते. म्हणून दिवसातून दोनदा पाच मिनिटं नळ तेवढा ढिला सोडते आणि खाली बादली ठेवते.

लाल भोपळ्याचा उपाय मी करून बघितला आहे. मंडईतून फोड आणायची, साल-बिया काढून वाफवायची, गुळगुळीत कुस्करायची आणि एक चमचा खाण्यात मिसळायचा. भोपळ्यात बहुतांश पाणीच असतं, तंतू थोडेच. सौम्य म्हणूनच तो चालतो. इसबगोल जास्त जोरकस. त्याची साल पाणी धरून फुगते आणि तिचा बुळबुळीत गर होतो, शी मऊ राहते. पाव चमचा, आधी पाण्यात पूर्ण भिजवलेला, ओल्या खाण्यातून. पण पाणी न पिणाऱ्या मांजराला कोरडं इसबगोल दिलं तर तोच गोळा आत घट्ट बसतो. आणि आतडं आधीच फुगलेलं असेल तर तंतूंनी नुसता ढीग वाढतो. म्हणून वारंवार त्रास होणाऱ्या मांजराला इसबगोल डॉक्टरांना विचारूनच द्यावं.

केसांचं म्हणाल तर मांजराच्या जिभेवर घशाकडे वळलेले बारीक काटे असतात. चाटताना सुटलेला केस त्यात अडकतो आणि गिळण्यावाचून गत्यंतर नसतं. रोज दहा मिनिटं कंगवा फिरवला की तेवढे केस पोटात जायचे वाचतात. लांब केसांचं पर्शियन असेल तर हे चुकवूच नये.

आता आईच्या एरंडेलाकडे. एरंडेल आतड्याला चिडवून मुरडा आणतं. आत वाळलेला गोळा अडकलेला असताना ते अघोरी ठरतं. दुधाचं म्हणाल तर मोठ्या मांजराला दुधातली साखर सहसा पचत नाही; त्याने जुलाब होतात आणि आहे ते पाणीही जातं. साजूक तूप तर लहान आतड्यातच पचून जातं, मोठ्या आतड्यात वंगण म्हणून पोहोचतच नाही. पोट साफ करायला देतात ते लिक्विड पॅराफिन नावाचं तेल कधीच तोंडात ओतू नका: त्याला चव नसल्याने मांजराला ठसका लागत नाही, ते सरळ फुप्फुसात उतरतं. आणि मेडिकलमध्ये मिळणारा माणसांचा फॉस्फेटचा एनिमा मांजराला देऊ नका. त्यातलं फॉस्फेट इवल्याशा शरीरात शोषलं जातं, रक्तातलं कॅल्शियम कोसळतं, झटके येतात आणि मांजर दगावतं.

शेपटीखालून दोरा किंवा चमकी लोंबताना दिसली तर तीही ओढू नका. संक्रांतीनंतरचा मांजा, गणपतीच्या आराशीतली झिरमिळी, मांजरं गिळतात. दुसरं टोक वर कुठे अडकलेलं असेल तर ओढताना आतडं चिरतं.

त्या सकाळी आम्ही चिंगीला पिंजऱ्यात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दोन बोटांनी पोट चाचपलं आणि माझा हात धरून तिथे लावला. कातडीखाली खडबडीत माळ लागत होती. एक्स-रे काढला, रक्त तपासलं. मूत्रपिंडं थोडी थकली होती. म्हाताऱ्या मांजरांत हे फार दिसतं: मूत्रपिंडांना पाणी राखता येत नाही, लघवी पातळ आणि जास्त होते, आणि ती भरपाई मोठ्या आतड्यातून होते. त्यांनी कातडीखाली सलाइन दिलं, कोमट पाण्याचा एनिमा दिला आणि घरी लॅक्ट्युलोजचं, शी मऊ करणारं पातळ औषध मापून द्यायला सांगितलं.

आणखी एक गोष्ट त्यांनी एक्स-रेमध्ये दाखवली. तिच्या मागच्या पायाच्या सांध्यांत संधिवात होता. आमच्या ट्रेची कड वीतभर उंच. आत उडी मारायची, मग दुखऱ्या पायांवर उकिडवं बसायचं, म्हणून ती टाळत होती. मी एका प्लास्टिकच्या टबाची एक बाजू कापून कड दोन बोटांवर आणली, कापलेल्या धारेला सेलोटेप लावला आणि तो तिच्या झोपायच्या जागेपासून चार पावलांवर ठेवला. पहिल्याच संध्याकाळी ती वासही न घेता त्यात चालत गेली. आई शेजारीच मोड्यावर बसून लाल भोपळ्याची साल काढत होती. "झाली का गं?" तिने विचारलं, आणि मी पेन्सिल शोधायला गेले.